लंगडायची तालीम

माझा अपंगांच्या भत्त्याचा अर्ज नामंजूर झाल्याचं पत्र बायकोने मोठ्याने वाचून दाखवलं आणि मी हसलो. खोटं कशाला सांगू, मजाच होती ती. पत्रात लिहिलं होतं, 'अर्जदार सोबत्याबरोबर गप्पा मारत, सरळ रेषेत, काठी न टेकता चालत आला. अर्जदाराची वृत्ती आनंदी व विनोदी आहे.' आजवर मला लोक वात्रट म्हणाले, टवाळ म्हणाले, सासरे तर काय काय म्हणाले. पण सही-शिक्क्यासकट विनोदी म्हणणारं हे पहिलंच ऑफिस.

"फ्रेम करून लाव," मी म्हणालो. "काच मी बसवतो."

बायको हसली नाही. तिने पान उलटलं.

"'कपडे स्वतः घालता का, या प्रश्नावर अर्जदाराने सांगितले की हो, आणि सासरी जायचे असल्यास इस्त्रीही करतो.' असं म्हणालात तुम्ही?"

"अगं, ती तपासणारी पोरगी नवीन होती. घाबरलेली. म्हटलं जरा हसवावं."

"हसली?"

"खूप."

"मग झालं तर." तिने पत्राची घडी घातली. कापडाची घालते तशी, कडेला कड लावून. "आज सकाळी तुम्हाला पँट कुणी घातली?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, चांगलं खुसखुशीत होतं, पण ते द्यायच्या आत ती स्वयंपाकघरात गेली होती. तिथून भांड्यांचा आवाज यायला पाहिजे होता. आला नाही. नुसती उभी असणार. मी खाटेवर बसून भिंतीकडे बघत राहिलो. कान गरम झाले होते. एरवी ते फक्त पकडला गेलो की होतात.

मी काचवाला. म्हणजे होतो. दुकानांच्या, बँकांच्या दर्शनी काचा बसवायचं काम. माझा जोडीदार उंट. उंच आहे, मान पुढे काढून चालतो आणि बोलताना शब्द चघळतो, म्हणून उंट. मी येणाऱ्याजाणाऱ्याची नक्कल करतो म्हणून नकल्या. मोठी काच दोघांनी न्यायची असते, एक पुढे, एक मागे, आणि पाऊल दोघांचं एकच. त्याचा डावा तेव्हा माझा डावा. पाऊल चुकलं की काच थरथरते, आणि थरथरली की तडकलीच समजा. असा आमचा अर्धा जन्म गेला. बायकोबरोबर मी जेवढा चाललो नसेन तेवढा उंटाबरोबर चाललोय.

मग एकदा गोदामात काचा तिरक्या टेकवायची लाकडी घोडी सरकली आणि अख्खी थप्पी माझ्या कमरेवर आली. मी भिंत आणि काचा यांच्यात सँडविच. काच एकही फुटली नाही. मालक हे अजून कौतुकाने सांगतो. माझ्या पाठीतल्या नसा तेवढ्या चेपल्या.

बाहेरून काही दिसत नाही, हीच तर गंमत. हातपाय जागच्या जागी. फक्त डावा पाय चालता चालता जातो. लाइट जाते तसा, न सांगता. पावलाखाली फरशी आहे की गादी ते कळत नाही. वाकता येत नाही. आणि अजून एक भानगड आहे, ती नंतर सांगतो.

तर तपासणीच्या दिवशी झालं असं, की भत्त्याच्या ऑफिसचं फाटक आलं आणि मी काठी उंटाच्या हातात दिली. काठी टेकत आत शिरायचं म्हणजे, छे! उंटाने नेहमीसारखी माझ्या जॅकेटखालून मागे पट्ट्यात मूठ घातली. ही आमची हॉस्पिटलपासूनची युक्ती. त्याने मूठ वर उचलून धरली की माझं निम्मं वजन त्याच्याकडे जातं, पाय गेला तरी मी पडत नाही, आणि पावलं तर आमची जुळलेलीच. बघणाऱ्याला वाटतं दोन मित्र चाललेत, एकाचा हात दुसऱ्याच्या पाठीवर. त्यात मी उंटाला मालकाच्या बायकोची नक्कल करून दाखवत होतो. ती पोरगी खिडकीतून बघत होती. तिने दिसलं तेच लिहिलं. तिची काय चूक?

आता यात अडकलं होतं कोण, तर माझी बायको. ती शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात होती. बटणं लावण्यापासून सुरुवात केली, मग शिलाई मशीन, मग कटिंगचं टेबल. तिथे कापडाचे थरावर थर रचतात आणि विजेच्या कात्रीने एकदम कापतात. हात जरा हलला की अख्ख्या वर्गाच्या बाह्या तिरक्या. माझ्या अपघाताच्या थोडंच आधी तिला त्या टेबलाची मुख्य केलं होतं. त्या कारखान्यात बाई मुख्य, हे पहिल्यांदाच. त्या संध्याकाळी ती दारातून आली तीच अशी, हनुवटी वर, पर्स काखेत. मी लगेच तिची नक्कल केली. तिने मला उशीने बडवलं.

मी हॉस्पिटलातून घरी आल्यापासून ती घरात. मला एकट्याला ठेवता येत नाही. सुपरवायझर बरा माणूस, त्याने महिनाअखेरपर्यंत टेबल राखून ठेवलं होतं. भत्ता मिळाला तर रोज एक मदतनीस ठेवता येणार होता आणि ती परत जाणार होती. नाही मिळाला तर टेबल दुसऱ्याचं. आणि मी एका अनोळखी पोरीला हसवायला ते उधळून बसलो होतो.

अपील केलं. सुनावणीची तारीख महिना संपायच्या आत लागली, एवढं नशीब.

खालच्या दुकानातला न्हावी माझे केस कापायला घरी येतो, कारण जिने उतरवायला उंट रोज मोकळा नसतो. त्याने कात्री चालवता चालवता माझ्या अपिलाचा निकालच लावून टाकला.

"तुझी अडचण कळली का तुला? तू अपंग दिसतच नाहीस."

"मग काय करू? शिंगं लावू?"

"बसवेन मी. पण ऐक. तिथे तीन माणसं बसणार. ती तुझे एक्स-रे थोडीच वाचत बसणारेत? तू दारातून आत येतोस ना, तेवढ्यात ठरतं सगळं. दिसलं पाहिजे रे, दिसलं पाहिजे! तू एवढा नकल्या, अख्ख्या गल्लीला चालून दाखवतोस, आणि स्वतःच्या पोटासाठी तुला लंगडता येत नाही?"

मी खुर्चीतच सरळ झालो. कान कापला जाणार होता जवळजवळ.

"हलू नको! बघ, उजळला की नाही चेहरा? अपील झाल्यापासून असा मेल्यासारखा बसला होतास."

खरंच उजळला होता. इतक्या दिवसांत मला जमणारं काहीतरी काम निघालं होतं.

नमुना माझ्याकडे तयार होता. आमच्या दुकानाचे थोरले मालक, आता वारले ते, त्यांना झटका येऊन एक अंग लुळं पडलं होतं. मोठे दिलदार. कुणी पाहुणा आला की मलाच बोलवायचे, "नकल्या, दाखव रे मी कसा चालतो," आणि माझी नक्कल बघून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचे. ती चाल माझ्या अंगात मुरलेली होती. पाय बाहेरून अर्धा गोल फिरवत आणायचा, बूट फरशीवर घासायचा, खांदा पाडायचा, तोंड किंचित वाकडं.

दुसऱ्या दिवसापासून तालीम. खाट ते खिडकी, खिडकी ते खाट. आता गंमत बघा, मला धड चालताच येत नाही तर खोटं लंगडणार कसा? मग खोटं लंगडायला खरा आधार. उंट मागून पट्ट्यात मूठ घालून माझं वजन धरायचा आणि मी त्याच्या जिवावर झकास लंगडायचो.

"जास्त होतंय," उंट म्हणाला. "मेलेला माणूस पण तुझ्यापेक्षा बरा चालेल."

"तुला कलेतलं काय कळतं? उचल जरा."

"आणि तोंड कशाला वाकडं? मार तर कमरेला लागलाय."

"बरं, तोंड काढलं. हे बघ आता."

"आता बरंय. आता मलाच तुला काहीतरी द्यावंसं वाटतंय."

तेवढ्यात बायको बाजारातून आली. दारातच थांबली. मी मागे वळून न बघता पूर्ण फेरी मारली, खिडकीपर्यंत, पाय गोल फिरवत, दर पावलाला "आई गं" म्हणत. आणि ती हसायला लागली. पिशवी खाली ठेवून, दाराला टेकून, तोंडावर हात दाबून. घरात तिचा हा आवाज मी विसरलोच होतो. मी आणखी एक फेरी केली.

"बाई गं," ती डोळे पुसत म्हणाली. "हे असंच करा तिथे. अगदी असंच." आणि मग न्हाणीघरात गेली, माझं आंघोळीचं स्टूल घासून ठेवायला. सकाळचं राहिलं होतं.

स्टूल घासल्याचा आवाज येत राहिला. उंट खिडकीबाहेर बघायला लागला. मला एकदम कळलं की हे खोटं लंगडताना मला कणभरही लाज वाटत नाहीये. लोळत जा म्हणाले असते तर लोळत गेलो असतो, तेही अभिनयासकट. आणि खरं जे आहे, ते स्टूल, ते मात्र मी उंटालासुद्धा कधी दाखवलं नव्हतं. तो आला की बायको ते दाराआड सरकवायची.

सुनावणीची खोली लांबट. एक मोठं टेबल, पलीकडे तिघं, अलीकडे आम्हाला खुर्च्या. टेबलावर पाण्याचा जग आणि पालथे घातलेले ग्लास. खिडकीची एक काच नीट बसलेली नव्हती, काच धरून ठेवणारी कडेची लांबी, म्हणजे पुट्टी, सुटली होती. माझं लक्ष आधी तिकडेच गेलं. मधोमध अध्यक्षीण बाई, चष्मा साखळीला लावलेला. तिच्या उजवीकडे डॉक्टर, माझ्याच वयाचा, टक्कल. डावीकडे एक गृहस्थ जे शेवटपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत, नुसतं लिहीत होते.

बायको आधी आत जाऊन बसली. मग मी. उंटाने मूठ घातली, मी खांदा पाडला, आणि सुरू केलं.

काय सांगू, आयुष्यातली सर्वांत चांगली नक्कल होती ती. दारापासून खुर्चीपर्यंत केवढंसं अंतर, पण मी ते असं पार केलं की थोरले मालक वर बसून टाळ्या वाजवत असतील. बूट घासला. पाय फिरला. एका ठिकाणी मी थांबून दम घेतला, तेही तालमीत नव्हतं, तिथेच सुचलं. बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मला वाटलं, जिंकलो.

"एक मिनिट," डॉक्टर म्हणाला. "हाताला काय झालंय?"

"कुठल्या?"

"डाव्या."

मी खाली बघितलं. माझा डावा हात छातीपाशी मुडपून, बोटं आत वळवून, पाखरासारखा बसला होता. थोरल्या मालकांचा हात. चालीबरोबर तोही आला होता, अख्खा संच. मला पत्ताच नव्हता.

डॉक्टरने पुढ्यातला कागद चाळला. "काचा पाठीवर पडल्या ना तुमच्या? कमरेच्या नसांना इजा."

"हो साहेब."

"मग हात?"

मी हात हळूच सरळ केला. बोटं उघडली. "झाला बरा," मी म्हणालो.

कुणीही हसलं नाही. उंटाची मूठ माझ्या पट्ट्यात घट्ट झाली. बायकोने मान खाली घातली, आणि मला वरून तिचा भांग दिसत राहिला, सरळ पाडलेला, त्या दिवसासाठी.

"बसा," अध्यक्षीण बाई म्हणाल्या. उंटाने मला खुर्चीत सोडलं. "तुम्ही आत्ता जे केलंत, त्यावर हे अपील मी इथल्या इथे बंद करू शकते. कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय."

"पहिल्या तपासणीत तुम्ही सरळ चालत आलात. आज असे. यातलं खरं कुठलं?"

दोन्हीही नाही, हे कसं सांगायचं असतं? मी तोंड उघडलं तर आत विनोदच होते. एवढ्या वर्षांत दुसरं काही साठवलंच नव्हतं.

"मी बोलू का?" बायको म्हणाली.

"बोला."

"ह्यांना लागते मदत. थोडी. जिन्यावर वगैरे." ती टेबलाच्या कडेकडे बघत बोलत होती. "बाकी करतात ते त्यांचं त्यांचं. फक्त वेळ लागतो."

कापडाच्या थरांतून केसभर न हलता कात्री नेणारा तिचा हात पर्सचा बंद पिळत होता. टेबल तिचं जाणार होतं. आणि ती तिथे बसून माझी अब्रू राखत होती! हॉस्पिटलातून आलो त्याच संध्याकाळी मी तिच्याकडून वचन घेतलं होतं, हे कुणाला कळता कामा नये. आता तीन सरकारी माणसांसमोर, स्वतःचं नुकसान करून, ती ते पाळत होती.

आता ती मघाची भानगड. इतका वेळ टाळली, कारण सांगायला जीभ उचलत नाही. माझ्या पाठीतल्या ज्या नसा चेपल्या, त्यांनी लघवीचा ताबाही नेला. पँटच्या आत पॅड असतं, बायको बदलते. पण जोर लावला, जास्त चाललो, की पॅड पुरत नाही. आणि यावर माझी एक युक्ती आहे. मी पाणी सांडतो. ग्लास घ्यायचा, हात लचकल्यासारखा करायचा, मांडीवर सगळं पाणी, मग 'अरे अरे' म्हणून उड्या. उड्या म्हणजे आवाजानेच. सगळे हसतात, टॉवेल आणतात, आणि कुणाला काही कळत नाही. मेहुणीच्या घरी केलंय, न्हाव्यासमोर केलंय. त्या तपासणाऱ्या पोरीसमोरही केलं होतं, ती हसून हसून बेजार. माझ्या सगळ्या नात्यागोत्यात मी आता धांदरट म्हणून प्रसिद्ध आहे. उंटसुद्धा शिव्या घालतो, "हातात साधा ग्लास धरवत नाही तुला, काचा कशा उचलल्यास जन्मभर?"

दारापासून त्या खुर्चीपर्यंत मी जी कला दाखवली, ती फुकट नव्हती झाली. बसल्याबरोबर मला ऊब लागली होती. मांडीवर कागदपत्रांची फाईल ओढून घेऊन मी तिच्यावर दोन्ही हात ठेवून बसलो होतो.

मी ग्लासकडे बघितलं. तो माझ्या हातापासून जरा लांब होता.

बायकोने मान वर न करता, पर्स सोडून, एक ग्लास सुलटा केला. जगातलं पाणी त्यात ओतलं. काठोकाठ. आणि तो टेबलावरून माझ्या बाजूला सरकवला.

मला वाटलं जमीन फाटावी. सासऱ्यांनी चारचौघांत काय काय ऐकवलंय मला, तेव्हा नाही वाटलं असं. तिला कळलं होतं. तिला दर वेळी कळत होतं. आणि आत्तासुद्धा, सगळं संपल्यावर, ती मला पळून जायला वाट करून देत होती.

मी ग्लास तिच्याकडे परत ढकलला. फाईल उचलून टेबलावर ठेवली.

"ही थोडी मदत म्हणते ना, ते खोटं आहे," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू येईना, नक्कल नसलेला. "हे बघा. हे पाणी नाहीये."

तिघांनी बघितलं. बाईंनी लगेच नजर काढून घेतली. डॉक्टरने नाही काढली.

मग मी सांगितलं. सकाळी बायको मला कुशीवर वळवते, पॅड काढते, पुसते. न्हाणीघरापर्यंत नेते. स्टुलावर बसवते. मला कमरेखालचं हाताने धुता येत नाही, कारण वाकता येत नाही, ते ती करते. संडासातही तीच. मोजे ती, पँट ती, चपला ती. मागे एकदा ती खाली दूध आणायला गेली तर मी एकटाच उठायला गेलो आणि पडलो, आणि ती येईपर्यंत फरशीवर तसाच होतो. दार उघडल्यावर मी तिला म्हणालो, फरशी पुसतोय. सांगताना मधे मधे विनोद सुचत होते. सवय ती. गिळले. बायकोने ओठ आवळून धरले होते. मी तिच्याकडे बघितलं नाही, नाहीतर थांबलो असतो.

"आणि ते सरळ चालणं?" बाईंनी विचारलं. आता आवाज हळू होता.

"ते हा." मी अंगठ्याने मागे दाखवलं. "ह्याची मूठ असते माझ्या पट्ट्यात."

डॉक्टर उठला, टेबलाला वळसा घालून आला. "उभं करा त्यांना," तो उंटाला म्हणाला. उंटाने केलं. "आता सोडा."

"नाही सोडणार," उंट म्हणाला.

"सोड रे," मी म्हणालो.

"गप बस तू. साहेब, पडेल तो. मी नाही सोडणार."

डॉक्टरने बाह्या वर सारल्या. मग म्हणाला, "बरं. मी धरतो. कुठे धरायचं?" आणि उंटाच्या मुठीशेजारी त्याने स्वतःची मूठ घातली, माझ्या ओल्या पँटच्या पट्ट्यात, तसंच. उंटाने आपली हळूहळू काढली. पहिलं पाऊल बरं गेलं. दुसऱ्यालाही निभावलं. मग पाय गेला, आणि डॉक्टर माझ्याबरोबर टेबलावर कलंडला. जग हिंदकळला. त्याने सोडलं नाही मात्र. त्याचा श्वास माझ्या मानेवर आला आणि तो स्वतःशीच "बापरे" म्हणाला.

आम्हाला बाहेरच्या बाकावर बसवलं. उंटाने न बोलता स्वेटर काढला आणि माझ्या कमरेभोवती पुढून बांधला, एप्रनसारखा.

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू?"

"मी तुला दर वेळी धांदरट म्हणून शिव्या घालत होतो."

"आता नवीन शिवी शोध."

तो हसला नाही. चघळत राहिला काहीतरी, शब्द असावेत. पलीकडे बायको पर्स मांडीवर घेऊन बसली होती.

"मी खोटी पडले ना आत," ती म्हणाली.

"मी पाडलं."

"एवढं सगळं सांगायची काय गरज होती? ते मोज्यांचं तरी."

"मोज्यांचं काय त्यात?"

"तेच तर म्हणते!" आणि ती रडायला लागली. मला तिचा हात धरायचा होता, पण मधे उंट बसला होता, आणि तो एवढा मोठा की ओलांडता येईना. त्यालाही ते कळलं असावं, तो आकसून बसला, पण उंट आकसून आकसून किती आकसणार?

निकाल त्याच दिवशी सांगितला. अध्यक्षीण बाईंनी वाचून दाखवला, उभं राहायची गरज नाही म्हणाल्या. सुरुवातीच्या प्रकाराची नोंद घेतली आहे, अशी समज मिळाली. मग एकेक. अर्जदार स्वतः अंथरुणातून उठू शकत नाही. अर्जदार स्वतः अंग धुऊ शकत नाही. शौचास मदत लागते. कपडे घालण्यास मदत लागते. आधाराविना चालणे सुरक्षित नाही. प्रत्येक वाक्याला त्या थांबायच्या, माझ्याकडे बघायच्या, आणि मी म्हणायचो, "हो." ते लिहिणारे गृहस्थ लिहायचे.

चौथ्या का पाचव्या 'हो'ला मी चोरून बायकोकडे बघितलं. तिचे डोळे अजून लाल होते, पण चेहरा बदलत चालला होता. मला जे जे जमत नाही असं त्या बाई म्हणत होत्या, त्या प्रत्येक गोष्टीला ती थोडी थोडी सरळ बसत होती. "अपील मंजूर" म्हणेपर्यंत तिची हनुवटी वर गेलेली होती आणि पर्स काखेत. तिला स्वतःला ते कळलंही नसेल. मी नक्कल केली नाही.

मदतनीस आला तो हॉस्पिटलात वॉर्डबॉय म्हणून आयुष्य काढलेला, रुंद छातीचा माणूस. येताना स्वतःचा टॉवेल घेऊन आला. बायकोने त्याला सगळं दाखवलं, पॅड कुठे, साबण कुठला. ती बोलत होती आणि मी खाटेवर बसून छताकडे बघत होतो, माझ्याबद्दल नाहीच असं समजून.

"आणि ते जरा विनोद करतील," ती त्याला म्हणाली. "लक्ष देऊ नका."

"मला नाही कळत विनोद," तो म्हणाला. "बायको म्हणते."

मग तिने चपला घातल्या. दारात थांबली, काहीतरी आठवल्यासारखं केलं, परत आली, माझी उशी सरळ केली. ती आधीच सरळ होती.

"जाऊ?"

"जा की. टेबल वाट बघतंय."

"जाते हं."

"अगं जा!"

ती गेली. मदतनीसाने मला उठवलं, स्टुलावर नेऊन बसवलं, स्टूल दाराआड नव्हतं, मधोमध होतं, आणि शर्टाची बटणं सोडायला लागला. न्हाणीघराची खिडकी जिन्यावर उघडते. मला तिच्या पायांचा आवाज आला. इतके महिने ती जिना उतरायची ती दर वळणावर थांबून, वर कान देऊन, मी हाक मारतोय का ते ऐकत. आज ती पळत होती. दोन दोन पायऱ्या एकदम, धाड धाड, शाळा सुटल्यासारखी. मला आनंद व्हायला पाहिजे होता. झालाही असेल, पण त्याच्या आधी वाटलं, की एक हाक मारावी. कशालाही. साबण सापडत नाही म्हणून. ती थांबते का ते बघावं. असं मनात आलं याची मला त्या सुनावणीतल्यापेक्षाही जास्त लाज वाटली.

मी ओठ दाबून बसलो. खालचं दार आपटलं.

"हात वर करा," मदतनीस म्हणाला.

मी दोन्ही केले.